एड्सचे हार्दिक स्वागत असो

कलाबाई माझी आत्या, मूळची धुळ्याकडची. लग्न होऊन सावद्याजवळच्या एका गावात आली. गावाचं नाव सांगत नाही, तिथली मंडळी अंगावर येतील. आली तरी भितो कोण म्हणा! पण नाव नको.

सासरी आली तेव्हा तिच्या बोलीला बाया हसायच्या. "शे शे करते, शिंका देते का गं?" म्हणायच्या. दुसरी एखादी असती तर आठ दिवसांत जीभ बदलली असती. कलाबाईनं बदलली नाही. वीस वर्षं झाली, पोरं मोठी झाली, बाई अजून 'आहे'ला 'शे'च म्हणते. अख्खा बौद्धवाडा तिला 'शेवाली' म्हणतो अन् ती त्या नावावर मिरवते. आमच्या घरचं पाणीच तसं आहे. आमच्याकडे मान खाली फक्त विहारात जाते, तीसुद्धा बुद्धापुढे, अध्यक्षापुढे नाही.

काम केळीच्या मळ्यात. कापलेले घड डोक्यावर घ्यायचे, मळ्यातून सडकेपर्यंत आणायचे अन् ट्रकमध्ये भरायला द्यायचे. नवरा गरीब गाय. घरात आवाज हिचाच.

आता विहाराचे अध्यक्ष पितांबर आबा. पांढरा सदरा, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. त्यातलं एकही चालत नव्हतं. वाड्यात पाणी आलं तरी आबांचं भाषण, नाही आलं तरी आबांचं भाषण. समता, करुणा, मैत्री हे शब्द त्यांच्या तोंडात पानाच्या विड्यासारखे. चघळायचे अन् थुंकायचे.

वाड्यातला भाईदास डायवर होता. सावद्याहून केळी भरून दिल्लीला जायचा. पंचाण्णव साली तो अंथरुणाला खिळला. आधी खोकला म्हणाले, मग टीबी म्हणाले, मग जळगावच्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा खरं कळलं. वर्षभरात गेला. त्याची बायको लिलाबाई, तिचंही रक्त तपासलं. तिच्यातही निघालं. गावात त्या रोगाचं नाव कोणी घेत नव्हतं. 'ती बिमारी' म्हणायचे, तेही हात मागे घेऊन, जसा काही शब्दच डसणार आहे.

ह्या लिलाबाईच्या हातची खीर म्हणजे वाड्याची शान होती. दर बुद्धपौर्णिमेला खीरदान असायचं अन् खिरीचं पातेलं तिचंच. तांदूळ कधी घालायचा, गूळ कधी, हे तिनं कोणाला सांगितलं नाही अन् कोणाला जमलंही नाही. हेच आबा वाटी चाटून पुसून म्हणायचे, "बुद्धाला खीर देणारी सुजाता माय परत आली म्हणा की!"

भाईदास गेल्यावर सुजाता माय संपली. पहिल्याच रविवारी लिलाबाई वंदनेला आली, तर महिला मंडळाच्या द्रौपदाबाईनं आपली सतरंजी हातभर लांब ओढली. मग दुसरीनं ओढली. मग तिसरीनं. लिलाबाईच्या भोवती अशी मोकळी जागा झाली की तिथं म्हैस बसली असती.

कलाबाई तशीच उठली अन् त्या मोकळ्या जागेत जाऊन बसली. गुडघ्याला गुडघा लावून. पण एक बाई किती जागा भरणार?

सत्त्याण्णवची बुद्धपौर्णिमा आली. कलाबाई लिलाबाईच्या दारात गेली. म्हणाली, "ऊठ, खीर कर."

"कोण खाणार गं?"

"मी खासू. तू कर."

संध्याकाळी वंदना झाली. लिलाबाई पातेल्याजवळ पदर सावरून बसली, पळी हातात. वास असा सुटला होता की बाहेरची कुत्री शेपट्या हलवत होती. अन् तेव्हा पितांबर आबा उभे राहिले, हात जोडले अन् म्हणाले, "बंधूभगिनींनो, आज माझं अष्टशील आहे."

आता अष्टशील म्हणजे पौर्णिमेला कोणी कोणी आठ शीलं पाळतात. त्यातलं एक असं, की दुपारी बारानंतर अन्न घ्यायचं नाही. चांगली गोष्ट आहे, पाळणाऱ्यानं पाळावी. पण आबांनी म्हटल्याबरोबर सचिव भटू उठला, "माझंही अष्टशील." त्याच्या मागचा उठला, त्याचंही. पाच मिनिटांत सगळी कमिटी शीलवान झाली. ह्याच भटूनं चार वाजता बसस्टँडवर भजी हाणली होती, मिशीला बेसन तसंच होतं!

कलाबाई म्हणाली, "भटू भाऊ, मिशी पुसी ल्या. शील सांडी राहिनं."

पोरं हसली. कमिटी चपला घालून निघून गेली. द्रौपदाबाई नातवाला कडेवर मारून निघाली, मागोमाग बाया. पातेलं तसंच भरलेलं. कलाबाईनं दोन वाट्या भरल्या, एक लिलाबाईच्या हातात दिली, एक आपण घेतली. लिलाबाईनं वाटी तोंडाला लावली नाही.

"कलाबाई, मी आता आत नाही बसणार. पायरीवर बसीन. तिथून पण ऐकू येतं."

"पायरीवर भिकारी बसतस."

"मग मी कोण आहे?"

कलाबाईनं आपली वाटी चाटून पुसून संपवली. शिव्या देऊन हे भागणार नव्हतं. लिला परत आत बसली पाहिजे, अन् ज्यांनी खीर सोडली त्यांनीच तिच्या हातची खाल्ली पाहिजे, एवढं एक तिनं धरून ठेवलं.

लिलाबाई मात्र रविवारी येऊन पायरीवर बसू लागली. आबा तिला वळसा घालून आत जायचे अन् आत जाऊन करुणेवर बोलायचे.

मग आला तो प्रसंग, ज्यानं आबांची अक्कल चौकात टांगली गेली. जळगावच्या कुठल्याशा संस्थेचे एक गृहस्थ स्कूटरवर आले. म्हणाले, "देशोदेशीचे, सगळ्या धर्मांचे लोक मिळून एड्सचं काम करताहेत. चर्चवाले आहेत, मशिदीचे आहेत, आपले भन्तेजी आहेत. त्यातल्या दोघांना आषाढ पौर्णिमेला तुमच्या विहारात आणतो. एक जपानचे भन्ते अन् एक गोऱ्या बाई."

आबांच्या कानाला एकच शब्द लागला. आपल्याकडे शाळेला सरकारी मदत मिळाली की 'एड मिळाली' म्हणतात. गृहस्थाची स्कूटर वळली नाही तोच आबा भटूला म्हणाले, "एक एड नाही रे, एड्स! अनेकवचन आहे! जपानची वेगळी, गोऱ्यांची वेगळी!"

भटूनं बॅनर रंगवला. वाड्याच्या तोंडाशी, सडकेवर, निळ्या कापडावर पिवळी अक्षरं: 'एड्सचे हार्दिक स्वागत असो. अध्यक्ष, पितांबर आबा.'

कलाबाई घड घेऊन सडकेवर आली. तिनं बॅनर वाचला. दवाखान्यात लिलाबाईसोबत तीच जायची, नर्सच्या तोंडून तो शब्द तिनं ऐकलेला होता. ती अशी हसली की घड डोक्यावरून सुटला अन् ट्रकवाला ओरडला. मग ती तशीच चुंबळ हातात घेऊन आबांच्या ओट्यावर गेली.

"आबा, हे कोणाचं स्वागत शे?"

"एडचं. मोठी माणसं येताहेत, तुला नाही कळायचं."

"आबा, लिलाले पायरीवर बसाडं ना तुम्ही, तीच बिमारी शे ही. एड्स म्हणजे तीच. तुम्ही तिले हार घाली बलाई राहिनात."

आबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग बॅनरसारखा निळा. बॅनर उतरवायला भटू धावला, पण तोवर गावातल्या दोन ट्रक डायवरांनी तो वाचून हॉर्न वाजवले होते. दुसऱ्या दिवशी सावद्याच्या केळी बाजारात आबांना लोक विचारत होते, "काय आबा, आली का हो?"

पण पाहुणे तर येणारच होते. अन् त्यांना काम दाखवायचं होतं, कामाच्या नावानं विहारात काय होतं, तर एक पायरी. तेव्हा आबा कलाबाईच्या दारी आले. बाहेरच उभे राहिले, टोपी हातात.

"लिलाबाईला स्टेजवर बसवू. मी स्वतः हार घालतो."

"हार नको. ती खीर करीन, विहारात आपल्या हातानं वाढीन. अन् तुम्ही खाशात."

"अगं, पौर्णिमा आहे. माझं अष्टशील..."

"सकाळी दहाले वाढू. शील बाराच्या आत खावाले नही म्हनत नही. का म्हनस?"

आबांनी टोपी घातली, काढली, परत घातली. कबूल झाले.

आषाढ पौर्णिमेला पाहुणे आले. जपानचे भन्ते म्हातारे, बारीक, हसरे. गोऱ्या बाई उंच, खांद्याला झोळी, हातात पाण्याची बंद बाटली. गृहस्थ दुभाषे. विहार खचाखच, कारण गोरी बाई बघायची होती. लिलाबाई पातेल्याजवळ, कलाबाई तिच्या शेजारी.

दहा वाजता आबा स्वागताला उभे राहिले अन् बसलेच नाहीत. सम्राट अशोकापासून सुरू केलं. साडेदहाला कलिंगात होते. अकराला जपानमध्ये पोचले. गोऱ्या बाई मान डोलवत होत्या, भन्ते डोळे मिटून बसले होते. आबा अधूनमधून मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे अन् मग आवाज चढवायचे.

कलाबाईला डाव कळला. ह्या माणसाला बारा वाजवायचे होते! बारा वाजले की कमिटी परत शीलवान.

ती उठली. भर सभेत, अध्यक्षाचं वाक्य अर्धं असताना.

"आबा, भन्तेजींना उपाशी ठेवतस का? बारा व्हतीन. त्यास्नं भोजन चुकी जाई."

सभेतून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला. भन्ते तर रोजच बारानंतर जेवत नाहीत. दारी आलेल्या भन्तेंचं भोजन चुकवायचं म्हणजे केवढी नामुष्की! म्हातारी माणसंच ओरडली, "बस करा आबा, बस करा!" आबा तोंड उघडं ठेवून खाली बसले.

लिलाबाई पळी घेऊन उठली. भन्तेंनी आपलं भिक्षापात्र दोन्ही हातांनी पुढे केलं. तिनं वाढलं. त्यांनी खाल्लं, सगळं खाल्लं, अन् पात्र परत पुढे केलं. दुभाषा काही सांगायला लागला, पण त्याची गरज नव्हती.

मग गोऱ्या बाईंची पाळी. बाईंनी वाटी घेतली, कपाळाला लावली, लिलाबाईच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतला, पोटावर हात फिरवून काहीतरी म्हणाल्या अन् वाटी खाली ठेवून बाटलीतलं पाणी प्यायल्या. सात समुद्र ओलांडून लोकांची भीती घालवायला आल्या होत्या!

कलाबाईनं ती वाटी उचलली अन् आबांच्या हातात दिली. "ल्या. भन्तेजींनी खाधी, आते तुम्ही."

सगळं विहार बघत होतं. आबांनी डोळे मिटले अन् एरंडेल घेतात तसा पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला त्यांची जीभ फितूर झाली, वाटी संपली. भटूनं तर कोणी न सांगता दोन मागितल्या.

पाहुणे गेले. जपानची एड आली नाही, गोऱ्यांचीही नाही. आबा मात्र त्याच आठवड्यात गुपचूप जळगावला रक्त तपासून आले. एका वाटी खिरीसाठी! काही निघालं नाही, तर घरोघरी सांगत फिरले की अष्टशीलाचं बळ फार मोठं असतं.

रविवारी लिलाबाई आली अन् सवयीनं पायरीवर बसली. कलाबाईनं दारातून हाक मारली, "आत ये."

"आत जागा आहे का?"

कलाबाईनं आत बघितलं. बाया एकमेकींकडे बघत होत्या. द्रौपदाबाई नातवाला घेऊन पुढेच बसली होती. तिनं कोणाकडे न बघता जरा सरकून आपली सतरंजी अर्धी मोकळी केली. लिलाबाई आत आली अन् बसली. द्रौपदाबाईनं किरकिरणारा नातू तिच्या मांडीवर टाकला. "घे गं जरा, पाय अवघडले माझे," म्हणाली अन् हात जोडून डोळे मिटले.

आबा समोर उभे होते. त्यांची नजर त्या मांडीवरून हलत नव्हती.

"आबा," कलाबाई म्हणाली, "वंदना सुरू करा. काय दखी राहिनात?"