वेबसाईटवरच्या बारा माय

बोरी अरबच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि कॉम्प्युटरचं दुकान आहे. चुकलेली प्रिंट मी फेकत नाही. मागची बाजू कोरी असते, म्हणून एका खोक्यात टाकत जातो. कुणाच्या लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव, कुणाच्या पावतीवर दुसऱ्याचीच सही! खोकं कधी भरतं ते कळत नाही. किस्स्यांचंही असंच असतं. चुकत आपण जातो, साठत ते जातात. आणि कॉलेजची वेबसाईट 'दिव्यांगस्नेही' करायचं काम घेतलं त्या दोन महिन्यांत तर नवं खोकंच आणावं लागलं!

मी काही फार शिकलेला नाही. पत्रिका छापता छापता डिझाईन शिकलो, डिझाईन करता करता वेबसाईट. जिथे अडलं तिथे मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. त्यात दुकानदाराच्या तोंडात एकच उत्तर बसलेलं असतं. एक दिवस आमच्या भागातल्या कॉलेजच्या प्राचार्य सरांचा फोन आला.

"भाऊ, पाहणीला समिती येणार आहे. आपली वेबसाईट दिव्यांग विद्यार्थ्यांना वापरता आली पाहिजे. जमेल?"

"होऊन जाईल!"

दहा मिनिटांत पहिल्या पानावर व्हीलचेअरचं निळं चित्र लावलं. चांगलं मोठ्ठं! सर खूश, मी खूश.

*

दुसऱ्या दिवशी काउंटरसमोर एक मुलगी येऊन उभी राहिली. हातात पांढरी काठी. जवळच्या तांड्यावरची मनीषा राठोड, बी.ए. पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झालेली. जन्मापासून दिसत नाही.

"काका, तुम्ही लावलेलं चित्र मी ऐकलं."

"चित्र ऐकलं?"

तिनं मोबाईल काउंटरवर ठेवला. पडद्यावर जे असेल ते हा फोन वाचून दाखवतो. तिनं बोट फिरवलं आणि फोन खणखणीत आवाजात बोलला, "आयएमजी अंडरस्कोर झीरो झीरो फोर सेव्हन!"

"हे कोण हाय काका? नवीन सर आले काय?"

मी फाइलचं नाव बदललं नव्हतं. चित्राच्या मागे चित्रात काय आहे ते लिहावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. पण ती तेवढ्यासाठी आली नव्हती.

"मागच्या साली माहा फॉर्म तुम्हीच भरला होता. 'होऊन जाईल' म्हणाले होते. आवाज लक्षात हाय माह्या."

मला आठवलं. दुकानात ही गर्दी! तिचे मामा सोबत होते. विषय विचारला तर मामा म्हणाले, "पोरीले काय लागते? गृहअर्थशास्त्र टाका." मी टाकलं. ती तिथेच बाकावर बसली होती. मी मामांना विचारलं, तिला विचारलं नाही.

"मले इतिहास पाहिजे होता काका. विषय आता दुसऱ्या वर्षाच्या फॉर्मात बदलता येते, एकदाच. मंग नाही. अन हा फॉर्म मी भरीन. मामा नाही, तुम्ही नाही, मी."

"भर ना मग!"

"कशी भरू? तुमची वेबसाईट बोलतच नाही माह्याशी!"

फॉर्मची शेवटची तारीख महिन्यावर होती. समिती वगैरे ठीक आहे, पण माझं खरं गिऱ्हाईक समोर उभं होतं, आणि माझ्याच दुकानाचा ओटा त्याला चढता येत नव्हता.

*

कॉलेजच्या ऑफिसचे मुख्य लिपिक म्हणजे बडे बाबू. त्यांचं खरं नाव त्यांच्या घरचेही विसरले असतील. सगळ्या नोटिसा तेच टाईप करतात, पण जुन्या फॉन्टमध्ये. म्हणजे पडद्यावर दिसतं मराठी, आणि कॉम्प्युटरच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरं.

मनीषानं प्रवेशाची नोटीस उघडली. फोन म्हणाला, "आय झेड ओ एस के…"

ती पुरतं अर्धं मिनिट ऐकत राहिली. मग म्हणाली, "बडे बाबू, आपल्या कॉलेजात रशियन कधीपासून शिकवून राह्यले?"

बडे बाबू भडकले! "तीस वर्ष झाले टाईप करून राह्यलो. साफ 'प्रवेश' लिहिलं हाय! मले तर दिसून राह्यलं!"

"तुम्हाले दिसून राह्यलं, तेच तर दुखणं हाय ना बाप्पा!"

त्या रात्रीपासून बडे बाबूंनी नवा कीबोर्ड शिकायला घेतला. आठ दिवसांनी मला पहिला मेसेज आला: "प्रवेष सूरू."  फोन निदान तो मराठीत वाचत होता.

*

चित्रांची वर्णनं लिहायचं काम मराठीच्या सरांकडे दिलं. चूक माझीच. स्नेहसंमेलनाचा फोटो होता, मंचावर बारा जण बसलेले. सर म्हणाले, एकाचंही नाव सुटलं तर उद्या माझी बदली चुकायची नाही. म्हणून सगळ्यांची नावं मानासहित टाकली: मा. अध्यक्ष, मा. उपाध्यक्ष, मा. सचिव, मा. प्राचार्य…

मनीषानं फोटोवर बोट ठेवलं. फोन सुरू झाला. "मा अध्यक्ष. मा उपाध्यक्ष. मा सचिव. मा प्राचार्य. मा कोषाध्यक्ष…"

ऑफिसात मी, बडे बाबू, खुद्द प्राचार्य सर, आणि मनीषा डोकं तिरपं करून ऐकतेय. शेवटचा सत्कारमूर्ती संपला तेव्हा ती म्हणाली,

"आमच्या तांड्यावर आईले याडी म्हणते. पण एका माणसाले एकच याडी असते, सर. तुमच्या स्टेजवर बारा माय कायले बसवल्या?"

बडे बाबूंना ठसका लागला. प्राचार्य सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "भाऊ, माझ्या नावापुढचं 'मा' काढून टाका. घरी कळलं तर पंचाईत होईल."

तेव्हापासून आमच्या वेबसाईटवर सगळे 'माननीय' पूर्ण अक्षरांत आहेत. वेळ जास्त लागतो, पण वडीलधारी माणसं वडीलधारीच राहतात!

*

कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याला ऐकू येत नव्हतं. म्हणून प्राचार्यांच्या स्वागतपर भाषणाच्या व्हिडिओखाली लिखित ओळी हव्या होत्या. मी म्हटलं, यंत्र आपोआप लिहितं, आपण कशाला हात दुखवायचे? न तपासता लावून टाकलं.

सर बोलले होते, "आमचा प्राध्यापक वर्ग येथेच वास्तव्याला आहे."

यंत्रानं लिहिलं, "आमचा प्राध्यापक स्वर्ग येथेच स्वर्गवासाला आहे."

सकाळी अकरा वाजता भूगोलाच्या मॅडमचा फोन. आवाज एकदम शांत.

"भाऊ, आज मी हजेरी लावू की नको?"

*

फॉर्मवर वरतीच सूचना होती: 'लाल रंगातील रकाने भरणे अनिवार्य.' मनीषानं विचारलं, "लाल म्हणजे कोणते?" प्रश्न बरोबर होता. मी बडे बाबूंकडे गेलो. म्हटलं, हे लाल रकाने सगळे खरंच लागतात का तेवढं पाहून सांगा, प्रत्येकासमोर 'आवश्यक' असा शब्द लिहून टाकतो.

बडे बाबू पडद्याजवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला.

"याच्यात लाल कोणता हाय?"

"म्हणजे? तुम्हाला लाल दिसत नाही?"

"दिसते ना! सारेच सारखे दिसते."

 तेव्हा कुठे उलगडा झाला. कागदी फॉर्मच्या काळापासून बडे बाबू रक्तगटाचा रकाना रिकामा असला तरी फॉर्म परत करायचे, आजोळचं गाव नसलं तरी परत करायचे. पोरांना वाटे माणूस मोठा खडूस आहे. माणूस खडूस नव्हता हो, त्याला लाल रकाने आणि बाकीचे हिरवे रकाने यातला फरकच कळत नव्हता!

मी हे दुकानात सांगितलं तेव्हा झेरॉक्स काढायला आलेले एक गृहस्थ, स्वतः आता दोन मुलांचे बाप, हातातला कागद विसरून म्हणाले, "तरीच! माहा फॉर्म तीनदा वापस आला होता! तिसऱ्यांदा मी आजोळच बदललं!"

त्या दिवसानंतर बडे बाबूंएवढा उत्साही माणूस कॉलेजात उरला नाही. "माह्यासाठी पण करून राह्यले ना हे," म्हणायचे, आणि दिसेल त्या रकान्यासमोर 'आवश्यक' लिहायचे. एकदा तर बटणावरही लिहून ठेवलं होतं: 'आवश्यक सबमिट.'

*

मग आलं ते वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र. 'आपण यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी खालील अक्षरे टाईप करा.' मनीषाचा फोन त्या चित्रापाशी येऊन गप्प. पुढे जाता येईना.

ती मला म्हणाली, "काका, मी माणूस हाय हे सांगाले मले दुसरा माणूस आणा लागते काय?"

यावर मला हसता आलं नाही. प्राचार्य सरांनाही नाही. सर एवढंच म्हणाले, "आज काढा ते. आत्ता."

चित्राच्या जागी साधी बेरीज टाकली: 'सात अधिक पाच किती?' फोन वाचतो, माणूस उत्तर देतो. छान चाललं. गणिताचे सर म्हणाले, प्रश्न मी बदलत जाईन. तिसऱ्याच दिवशी संस्थेच्या एका संचालकांचा तणतणत फोन, "मी अर्धा तास झाला बसलोय, वेबसाईट मला माणूस मानत नाही!"

पाहिलं तर गणिताच्या सरांनी बेरजेच्या जागी वर्गमूळ घातलं होतं!

*

आणि मग उजाडला शेवटचा दिवस. फॉर्म पाच वाजता बंद होणार होता. वीज सकाळपासून गेलेली, चार वाजता आली. मनीषा म्हणाली, बडे बाबूंच्या टेबलासमोर बसूनच भरीन. म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की दुसऱ्यानं भरला.

ती खुर्चीवर बसली. फोनचा आवाज मोठा केला. आम्ही सगळे, प्राचार्य सरसुद्धा, भोवती उभे, निकालाला थांबल्यासारखे. नाव झालं, पत्ता झाला, आईचं नाव झालं. विषयांची यादी आली. फोन म्हणाला, "गृहअर्थशास्त्र. निवडलेले नाही." तिचं बोट थांबलं नाही. "संगीत. निवडलेले नाही." बोट पुढे. "इतिहास. निवडलेले नाही."

तिनं दोनदा टिचकी मारली.

"इतिहास. निवडले."

बडे बाबूंनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच टेबल पुसलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होतो.

शेवटचं पान. फोन म्हणाला, "दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी. अर्ज भरून देणाऱ्या मदतनिसाचे नाव. आवश्यक. मदतनिसाचे अर्जदाराशी नाते. आवश्यक."

मी चमकलो. हा रकाना मी केलेलाच नव्हता! बडे बाबूंकडे पाहिलं, तर ते उभ्या जागी अर्धे झाले होते.

"काल संध्याकाळी मीच टाकला," ते पुटपुटले. "म्हटलं, पोरीची सोय होईन…"

"अहो, पण ती एकटी भरून राह्यली ना!" मी म्हटलं.

रकाना टाकणं मी बडे बाबूंना शिकवलं होतं, काढणं नाही; काढायचा तर माझा लॅपटॉप दुकानात. घड्याळात पाचला बारा मिनिटं कमी. रिकामा सोडला तर फॉर्म पुढे सरकत नव्हता.

प्राचार्य सर म्हणाले, "माझं नाव टाक, बेटा."

बडे बाबू म्हणाले, "नाही, माह्यं टाक. घाण मी केली."

मी म्हटलं, "माझंच टाक. मागच्या साली मीच…"

"सारे चूप राहा ना जराशे!" मनीषा म्हणाली. "मले फोन ऐकू येऊन नाही राह्यला."

 तिनं फोन कानाशी धरला आणि टाईप करायला लागली. एक रकाना, मग दुसरा. बेरीज आली, ती केली. मग फोन टेबलावर ठेवला. तो मोठ्यानं बोलला, "आपला अर्ज स्वीकारला आहे."

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे प्रिंटरकडे धावले.

कागद बाहेर आला. बडे बाबूंनी तो ओढला, चष्मा लावला आणि ऑफिसच्या रीतीप्रमाणे एकेक ओळ मोठ्यानं वाचत खाली आले.

"विषय, इतिहास. मदतनिसाचे नाव, मनीषा राठोड." ते थांबले. "अर्जदाराशी नाते…"

"वाचा ना," सर म्हणाले.

"'लहानपणापासूनची ओळख.'"

बडे बाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत तेवढीच ओळ वाचली. मग 'तपासून पाहिले' हा शिक्का उचलला, ठणकन मारला, आणि पेन मनीषाच्या हातात दिला.

"सारं बराबर हाय. आता दोघींच्याही सह्या पाहिजे!"