मोटारीला जवसाचं तेल

बसा. चहा येईपर्यंत माझ्या एका मूर्खपणाची हकिगत ऐका. गावात ती सहा-सात तऱ्हांनी सांगतात आणि प्रत्येक तऱ्हेत मी आधीपेक्षा जरा जास्तच मूर्ख निघतो. म्हटलं, एकदा आपणच सांगून टाकावी. निदान माझ्या तोंडून तरी मी थोडा शहाणा वाटेन. बघू, जमतं का.

सुरुवात झाली माझ्या लेकीच्या, शांताच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात. मुलगी पसंत पडली होती, कुंकू लागलं होतं, आणि दारव्ह्याचे पाहुणे माझ्या ओसरीवर बसून साखर खात होते. होणारे व्याही, आमच्याकडं त्यांना इवाई म्हणतात, मोठे गंभीर गृहस्थ. त्यांनी सहज विचारलं, "नवरदेवाले यवतमाळ टेसनावरून कसे आनसान? दमणीत आठ कोस म्हंजे पोराचं अंग मोडते."

दमणी ही आमची माणसं न्यायची बैलगाडी. प्रश्न सरळ होता. 'दमणीत गादी घालू' म्हटलं असतं की विषय मिटला असता. पण इतके लोक आपल्या तोंडाकडं बघत असले की माझी जीभ माझी राहत नाही.

"दमणी कायले?" मी म्हणालो. "जावईबुवा आपल्या घरच्या मोटारीत येतीन."

आत बायकोच्या हातून पितळी पडल्याचा आवाज आला. आमच्या घरात तोवर सायकलसुद्धा नव्हती.

पाहुणे गेल्यावर ती दारात उभी राहिली. "कोनती मोटार?"

"घ्याची हाय."

"अन् नाई भेटली त?"

"भेटन."

"तुमाले काय, तुमी बोलून मोकये झाले. पोट्टीले जलमभर आयकावं लागन, तुया बापानं मोटार सांगतली अन् बैल पाठवले."

ते खरं होतं. लग्न माघात, आणि आता दसरा होऊन गेला होता.

चौकशी केली तेव्हा दोन मोटारी विकाऊ निघाल्या. एक यवतमाळच्या एका वकीलसाहेबांची. काळी, आरशासारखी चकचकीत, बसलं की निघायचं. दुसरी लोहाऱ्याला, एका जुन्या बंगल्याच्या मागं, टिनाच्या छपराखाली. लढाईच्या आधीची. ती जवळजवळ फुकट मिळत होती, फक्त मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती, ती उठेपर्यंत थांबा म्हणाले.

म्हणजे प्रश्न असा, तयार घ्यावी की तयार करावी?

मला मोटारीचं पुढचं तोंड कोणतं एवढंच कळत होतं, तेही ती चालू असली तर. तेव्हा मी सल्ल्यासाठी शेजारच्या तांड्यावरच्या रामसिंग नाईकाला बरोबर घेतलं. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले. तो आता शेती करतो, पण तो हो म्हटल्याशिवाय आमच्या भागात कुणी बैल घेत नाही. माझा हिशेब सरळ होता. बैलही ओढतो, मोटारही ओढते. हसता काय? तेव्हा हा विचार मला फार खोल वाटला होता.

आधी वकिलांकडं गेलो. नाईकानं मोटारीला तीन चकरा मारल्या, चाकं अंगठ्यानं दाबली, पुढच्या टपावर तळहात ठेवून डोळे मिटले.

"वय काय हिचं?"

"बारा वर्षं," वकीलसाहेब म्हणाले.

"बारा वर्षं राबलेलं जनावर, अन् खांद्यावर घट्टा नाई?" नाईक माझ्या कानाशी आला. "भिया, हे रंगवलेली हाय. बजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून तेल लावून आनते ना लोकं, तसं काम."

आता आमच्या बैलबाजाराची एक रीत आहे. जनावर घ्यायचं असो वा नसो, मालकासमोर त्याला नावं ठेवायची. न ठेवली तर मालकालाच अपमान वाटतो. मी रीतीला धरून सुरू झालो. डोळे बारीक आहेत, आवाज घोगरा आहे, मागचा पाय ओढते, उन्हात बसेल.

वकीलसाहेबांनी शांतपणे चष्मा काढून पुसला. "दात राहिले बघायचे. उघडून दाखवू का?"

आम्ही निघालो.

लोहाऱ्याची मोटार पाहून मात्र नाईकाचा चेहरा खुलला. "आचो छ," तो त्याच्या बोलीत म्हणाला, म्हणजे चांगली आहे. "हाडं दिसून राह्यली. लपवाले काईच नाई. तयार बैल दुसऱ्याच्या खोडी घेऊन येते, भिया. गोऱ्हा आनून आपल्या हातानं शिकवला का थो आपला."

हा गोऱ्हा माझ्या लग्नापेक्षा जुना होता, पण मला पटलं. कोंबडी उठल्यावर बैलांच्या दोन जोड्या लावून मोटार घरी आणली.

यवतमाळचा करीम मिस्त्री गोठ्यात मुक्कामाला आला. मोटार त्यानं इतकी सुटी केली की महिनाभर मला वाटत होतं, आपण भांड्यांचं दुकान घेतलं. तळ आमच्या सुतारानं बाभळीचा घातला. गाद्यांत मी घरचा कापूस भरला, सरकीसकट. त्यामुळं बसणाऱ्याला खडीवर बसल्याचं सुख मिळे. रंग लाल दिला, पोळ्याला शिंगांना देतात त्यातला उरलेला होता.

पण मिस्त्री गुणी. माघात मोटार बोलली. मारुतीच्या देवळापर्यंत गेली आणि आपल्या चाकांनी परत आली. बायकोनं तिला कुंकू लावलं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली. इथं थांबलो असतो तर आज तुम्हाला मी दुसरीच गोष्ट सांगितली असती.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मिस्त्री यवतमाळला निघाला. "साब, इंजन का पुराना तेल निकाल दिया है. सुबे नया डब्बा लेके आता हूँ. तब तक हात नको लावा."

मी लावणारच नव्हतो. पण चार वाजता नाईक आला. "उद्या जाऊन येऊन सोळा कोसाची खेप. काई पाजलं का हिले?"

लांबच्या खेपेआधी बैलाला आम्ही जवसाचं तेल पाजतो, बांबूच्या नळीनं, घशात. त्यानं अंगात बळ येतं. घरात घाण्यावरून नुकतंच आणलेलं जवसाचं तेल होतं. मिस्त्री तेलच घालणार म्हणाला होता ना? मग त्याचं विकतचं, माझं घरचं. भोक कुठं आहे ते मला माहीत होतं. नाईकानं नळी धरली, मी ओतलं. दोन शेर मापानं, वर एक शेर मायेनं.

सकाळी मिस्त्री डबा घेऊन आला.

"तेल घातलं म्या," मी म्हणालो.

"मंगवा लिया था क्या?"

"हो. ताजं हाय."

बिचारा घाईत होता, त्यानं विश्वास ठेवला. हँडल मारलं, मोटार सुरू झाली, आणि गावात जवस तळल्याचा असा खमंग वास सुटला की लोक दारात येऊन विचारू लागले, पंगत एवढ्या लवकर कशी? देऊळ मागं पडलं. पुढं अर्ध्या कोसावर मोटारीचा आवाज जाड होत गेला, जसं कुणी तोंडात घास धरून बोलावं. मग एक मोठा आवंढा, आणि थांबली ती थांबली.

मिस्त्रीनं आतली सळई उपसली. तिच्यावर मधासारखं काहीतरी लोंबत होतं. त्यानं बोटाला घेतलं, हुंगलं, जिभेला लावलं.

"साब, ये तो खाने का तेल है."

"मंग? हलकं कायले घालू? पोट्टीचं लगन हाय."

तो मैलाच्या दगडावर बसला. मग त्यानं मला समजावलं की सुतार लाकडाला चकाकी आणायला जवसाचं तेल का लावतात. कारण ते वाळून चिकटतं. आणि तापलं की फारच लवकर चिकटतं. आता माझं इंजन आतून एखाद्या देव्हाऱ्यासारखं पॉलिश झालं होतं.

नवरदेवाची दारव्ह्याहून येणारी आगगाडी दुपारची होती. तेवढ्यात यवतमाळच्या जिनिंग कारखान्यात कापूस नेणारा एक ट्रक आला. त्याच्या ढिगावर, फेट्यासकट, मी यवतमाळला पोचलो आणि सरळ वकिलांच्या पायरीवर उभा राहिलो. अंगभर कापूस चिकटला होता.

"या," वकीलसाहेब म्हणाले. "दात बघायला आलात?"

मी सगळं सांगितलं. इवायाला दिलेला शब्द, तेल, सगळं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "साहेब, माह्या इज्जतीचं जाऊ द्या. पोट्टीले तिथं नांदाचं हाय."

ते उठले. "गाडी देतो. पण तिला परका हात चालत नाही. चालवीन मी." धूळ नको म्हणून त्यांनी खाकी कोट चढवला, खाकी टोपी घातली, डोळ्यांना काळा चष्मा लावला.

स्टेशनावर इवायांनी मोटारीभोवती एक चक्कर मारली. "हेच का थे लोहाऱ्याची? आमच्याकडं हवा होती, तुमी कोंबडी बसलेली मोटार घेतली म्हनून."

खरं बोलायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलंही. पण मुंडावळ्या बांधलेला जावई, त्याच्या मावश्या, आत्या, सगळे माझ्याकडंच बघत होते. आणि माझ्या जिभेचं मी तुम्हाला सांगितलंच आहे.

"हेच थे," मी म्हणालो.

"रंग?"

"घरचा."

"गाद्या?"

"घरचा कापूस."

आठ कोस मी असा बोलत होतो आणि वकीलसाहेब समोर बघून मोटार हाकत होते. गावाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एक लाल मोटार उभी दिसली. तिच्या खालून दोन पाय बाहेर आले होते.

"हे कोनाचं भंगार?" इवायांनी विचारलं.

"असन कोनाचं," मी म्हणालो. मिस्त्रीनं खालून डोकं काढून मला सलाम केला. मी दुसरीकडं पाहिलं.

इवायांना तरी शंका असावी. त्यांनी वकिलांच्या खांद्यावर टकटक केली. "काहो डायवर, मालकानं खरंच सोताच्या हातानं केली?"

वकीलसाहेबांनी मान वळवली नाही. कोर्टात बोलतात तसा एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "शपथेवर सांगतो, साहेब. मोटार कशीही असो, एकदा यांच्या हाती द्या. काय होतं, ते हा जिल्हा बघतो आहे."

इवाई खूश झाले. गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. शांता मान ताठ ठेवून सासरी गेली. इवायांनी 'डायवर'ला दुपट्टा दिला, तो वकीलसाहेबांनी दोन्ही हातांनी घेतला, वाकून. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस.

पंधरा दिवसांनी दारव्ह्याहून बैलांच्या दोन जोड्या माझ्या दारात थांबल्या. मागं दोरानं बांधलेली एक मोटार होती. इवायांच्या धाकट्या भावानं ती कधीकाळी नाल्यात घातली होती. आतून गाळ गळत होता. बरोबर चिठ्ठी होती: 'आपल्या ड्रायव्हरने शपथेवर सांगितले, म्हणून विश्वासाने पाठवीत आहे. दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नये. घाई नाही, अक्षय्य तृतीयेपर्यंत झाली तरी चालेल.'

लेकीच्या सासऱ्याला नाही कसं म्हणणार? मोटार आत घेतली. आता गोठ्यात एक लाल आणि एक चिखलाची अशा दोघी उभ्या, आणि बैल बाहेर लिंबाखाली.

संध्याकाळी रामसिंग नाईक आला. त्यानं दोघींची चाकं अंगठ्यानं दाबली.

"जोडी जमली, भिया," तो म्हणाला. "आता फक्त हाकनारा शहाना पाह्यजे."