इश्वरच्या वाटेतला धान

चिखल्याच्या खाणीत मजूर नेणाऱ्या बसवर इश्वर कापगतेनं जन्म काढला. रिटायर होऊन दोन-तीन पावसाळे झाले, तरी गाव त्याला अजून इश्वर ड्रायव्हरच म्हणतं. नोकरी सुटते, नाव सुटत नाही, आणि पुढं जे रामायण झालं ते त्या नावापायीच झालं.

आधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. दिवाळीच्या सुमाराला हलका धान, म्हणजे लवकर येणारा भात, निघतो आणि धान निघाला की डांबरी रस्ता सरकारचा राहत नाही. अर्ध्या रस्त्यावर धान पसरायचा, कडेनं दगड मांडायचे, बाभळीच्या दोन फांद्या टाकायच्या, आणि गाड्यांनी काय करायचं ते गाड्यांचं त्यांनी बघावं. मोटरसायकलवाले खुशाल वरून जातात. ट्रकवाले हॉर्न वाजवून कावतात. बाया झाडू घेऊन त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत धावतात आणि धान बाजूला सारतात. पण खाणीची बस लांबून दिसली, तर एकही बाई जागची हलत नसे. "इश्वरची होय, राहू दे," म्हणायच्या आणि पुन्हा गप्पांना लागायच्या. इश्वर बस खाली कच्च्यात उतरवायचा. आतले मजूर डब्यांसकट हिंदकळायचे, त्याला शिव्या घालायचे, पण धानाच्या दाण्याला त्याचं चाक कधी लागलं नाही. अन्नावरून चाक नेणाऱ्याला तो ड्रायव्हर म्हणायलाच तयार नसे. ह्याच गोष्टीवरून त्यानं कितीतरी पोरांना भर चौकात झापलं होतं.

अशा ह्या इश्वरला आता दिसत नव्हतं. अगदीच आंधळा झाला होता असं नाही. समोरचा माणूस दिसायचा, पेपर वाचता यायचा. पण दोन्ही बाजूंचं गेलं होतं, टांग्याच्या घोड्याला झापडं बांधतात ना, तसं. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता. गेलेलं परत येत नाही, थेंब टाकत राहिलात तर समोरचं टिकेल, आणि गाडी आजपासून बंद, असं स्पष्ट बजावलं होतं. घरी येऊन इश्वरनं बायकोला सांगितलं, शुगर थोडी वाढली आहे, पायी चाललं पाहिजे. मोटरसायकल शेजाऱ्याला देऊन टाकली. थेंबांची बाटली पाने-पकडींच्या पेटीत, जुन्या फडक्याखाली ठेवली, कारण त्या पेटीला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा त्याचा हिशेब.

दसऱ्याला मुलगा आणि सून नागपूरहून नवी गाडी घेऊन आले. सचिनची तिथं नोकरी. डिंपल शाळेत शिकवते, आणि रोज गाडी तीच चालवते, कारण सचिन गाडी लावायला गेला की मागून दोन माणसं 'आन दे, आन दे' ओरडायला लागतात. सचिननं अंगणात खाटेवर बसून मोबाइलमधला नकाशा बापापुढं धरला.

"बाबा, दिवाळीत कोकणात जाऊ. रत्नागिरीले उतराचं, अन् तिथून काठाकाठानं विजयदुर्ग, देवगड, मालवण. असा मस्त रस्ता आहे का एका बाजूले डोंगर अन् एका बाजूले समुद्र. डिंपल म्हणते मी चालवतो म्हून, पण मधात आंबा घाट आहे. तुमी असल्यावर मले टेन्शनच नाही."

एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला समुद्र. नेमक्या ह्याच दोन बाजू इश्वरला दिसत नव्हत्या. तिथल्या तिथं सांगायला पाहिजे होतं. त्यानं तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते भलतंच.

"घाट म्हणजे नागपूरचा उड्डाणपूल नोहे, बेटा," तो डिंपलला म्हणाला. ती बिचारी हसली.

एवढ्यात तांदूळ निवडत बसलेली पार्वताबाई बोलली. ही बाई लग्न होऊन घरात आली तेव्हापासून तिनं नवऱ्याजवळ कधी काही मागितलं नव्हतं. नवऱ्याच्या बसमध्येही बसायची ती शेवटच्या सीटवर, कारण पुढच्या जागा मजुरांच्या. सुपातून नजर न काढता ती म्हणाली, "आपल्या इकडं तलाव लय आहेत. पण तलावाले पल्याडचा काठ दिसते. ज्याले काठच नाही ते पाणी एकडाव पाहाचं होतं मले."

झालं. आता सांगितलं असतं तर घाटाला भिणाऱ्या सचिननं सगळा बेतच रद्द केला असता आणि बायकोचं पाणी गेलं असतं. निदान इश्वरनं स्वतःची समजूत तशी घातली. खरं कारण दुसरंच होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. इश्वर ड्रायव्हर मागच्या सीटवर बसून कोकणात गेला, हे गावानं बोललेलं त्याला ऐकायचं नव्हतं.

मग रोज संध्याकाळी फोनवर प्लॅनिंग सुरू झालं. इश्वर एकेक अट घालत गेला. रात्री गाडी हाकायची नाही, पहिला मुक्काम नांदेडला. बाजारपेठेतून जायचं नाही, बायपासनं. पाऊस लागला तर जिथं असू तिथं थांबायचं. सचिननं शेजारी बसून डाव्या बाजूचं सगळं सांगत राहायचं. अट ऐकली की सचिन खूश. "पाय डिंपल, येले म्हंतेत एक्सपिरियन्स!" चोराच्या मनात चांदणं, आणि घरच्यांना वाटे की ते चांदणं अनुभवाचं आहे. प्रत्येक कौतुकासरशी इश्वर आतून एकेक इंच बारीक होई. पार्वताबाईनं वाळूत चालायला म्हणून तुमसरहून रबरी चपला आणल्या आणि अंगणात घालून दाखवल्या. त्या दिवशी तो अर्ध्या ताटावरून उठला. तरी तो बोलला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सचिननं किल्ली बापाच्या हातात ठेवली. "हात बसवून घ्या, बाबा." पार्वताबाई जन्मात पहिल्यांदा नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसली, पदर सावरून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मागं सचिन आणि डिंपल. दारादारात माणसं बघायला उभी राहिली. गाडी सुरू झाली आणि इश्वरच्या हातापायांना सगळं आठवलं. क्लच, गिअर, एंजिनचा आवाज. समोरचा रस्ता सरळ, स्वच्छ दिसत होता. त्याला वाटलं, उगाच भ्यालो, जमेल आपल्याला.

तलावाजवळच्या वळणावर मनकर्णाबाईचा धान वाळत होता. मनकर्णाबाई म्हणजे गावातली जुनी बाई, इश्वरला पोरगा म्हणून ओळखणारी. इश्वर गाडी चालवतो आहे हे तिला लांबून दिसलं, म्हणून ती झाडाखाली निवांत बसून राहिली. वळणावर गाडी डावीकडे गेली, खाली एक दगड आपटला, आणि चाकांखालून चरचर आवाज आला.

"अवो, धान!" पार्वताबाई ओरडली.

इश्वरनं ब्रेक दाबला तो बरोब्बर धानाच्या मधोमध. चाकं घसरली, अर्धा धान डांबरात रगडला गेला आणि बाकीचा उडून मातीत गेला. मनकर्णाबाई झाडू न घेताच आली. तिला आधी विश्वासच बसेना. वाकून तिनं काचेतून पाहिलं, इश्वरच आहे ना म्हणून.

"काहून रे इश्वर? चारचाकी दारात आली तं धान पायाखालचा झाला काय?"

मागून डिंपल म्हणाली, "बाबांनी मुद्दाम नाही केलं हो, आजी."

आता दोनच वाटा होत्या. दिसलं नाही म्हणायचं, नाहीतर दिसलं होतं म्हणायचं. पहिल्या वाटेनं ड्रायव्हर मेला असता. इश्वरनं दुसरी धरली.

"रस्ता काय धान वाळवाले केला सरकारनं?" तो मोठ्यानं म्हणाला. "बाजूले सारत जा ना, काकी."

अगदी हेच वाक्य बोलणाऱ्या ट्रकवाल्याची त्यानं एकदा कॉलर धरली होती. मनकर्णाबाई शिव्या देईल असं त्याला वाटलं. तिनं दिल्या नाहीत. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी धान गोळा करायला लागली. पार्वताबाई दार उघडून उतरली, तिच्याशेजारी बसली आणि पुन्हा गाडीत आली नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं इश्वरला झालं. पण धरणी असल्या वेळेला कधी दुभंगत नाही. गाडी मागं घेऊन घरी न्यावी लागते.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, इश्वर माजला. दारातल्या गाडीकडं बघायलाही कुणी थांबेना. ताट वाढताना पार्वताबाई एवढंच म्हणाली, "मी नाही येत. अन्नावरून गाडी नेणाऱ्या माणसाच्या बाजूले बसून मले काही पाहाचं नाही." मूठ झाकलेली राहिली होती, पण सव्वा लाख गेले होते.

सकाळी डिक्कीत भरलेल्या बॅगा सचिन पुन्हा बाहेर काढत होता. "आईच नाही तं जाचं कायले?" पार्वताबाई सूप घेऊन केव्हाच वळणावर गेली होती. इश्वर तिच्यामागून गेला. दोघी बाया मातीतून दाणे वेचत होत्या. तो मुकाट्यानं त्यांच्याशेजारी उकिडवा बसला आणि वेचू लागला. कुणी त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

तो मन लावून वेचत होता. समोरचा तुकडा त्यानं लख्ख केला, एक दाणा शिल्लक नाही. मग पुढं सरकला. त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र दाण्यांच्या ओळी तशाच पडून राहिल्या. मनकर्णाबाईनं ते पाहिलं आणि कालपासून गिळलेला राग बाहेर आला.

"समोरचंच काहून वेचतो? बाजूचं कोण वेचन? का तेही चाकाखाली घेशीन?"

इश्वरनं मान वळवली, तेव्हा त्याला बाजूचे दाणे दिसले. भरपूर होते. त्यानं हातातली मूठ सुपात सोडली.

"दिसत नाही, काकी," तो म्हणाला. "कालही नाही दिसला. बाजूचं काहीच दिसत नाही मले. डॉक्टरनं गाडी बंद सांगतली आहे."

मनकर्णाबाईचा हात तोंडावर गेला. "बाप्पा! अन् मी तं अख्ख्या गावाले सांगून आली, का इश्वर माजला."

"बरोबर सांगतलं. तसंच राहू द्या."

 पार्वताबाईनं सुपातले दाणे उगाच एकदा घोळले. मग नवऱ्याकडं न बघता तिनं विचारलं, "अन् आमाले त्या घाटात नेऊन राहिले होते?"

 इतके दिवस इश्वरला वाटत होतं, लाज निघेल ती गावासमोर, चौकात. ती निघाली इथं, सुपाशेजारी, एका वाक्यात. आपण आपलं नाव वाचवत होतो आणि त्यासाठी घरची तीन माणसं डोंगर आणि पाण्याच्या मध्ये घालायला निघालो होतो, हे त्यानं पहिल्यांदा सरळ पाहिलं. तो रडला. बाया असल्या वेळी दुसरीकडं बघतात, तशा त्या दोघी दुसरीकडं बघत राहिल्या.

घरी पार्वताबाईनंच सगळं सांगितलं. सचिन बापाकडं बघत राहिला आणि मग बॅगांकडं. डिंपलनं किल्ली घेतली. "मी चालवते. घाटात हळू जाऊ. बाबा, तुम्ही मागं बसून गिअर सांगा फक्त." ती हे इतक्या साधेपणानं बोलली की इश्वरला त्या उड्डाणपुलाच्या टोमण्याची आठवण झाली आणि कान तापले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ते निघाले. पुढं डिंपल आणि तिच्याशेजारी नव्या चपला घातलेली पार्वताबाई. मागं सचिन आणि इश्वर, इश्वरच्या खिशात थेंबांची बाटली. दारादारात माणसं उभी होती. मनकर्णाबाईनं खरं काय ते गावभर सांगून टाकलं होतं. काल माजलेला म्हणणारे आज मान हलवत होते, चुकचुकत होते, आणि इश्वरला कालचंच बरं वाटत होतं.

तलावाजवळ वळण आलं तशी डिंपलनं गाडी हळू केली. कच्च्यात कसं उतरायचं ते सांगायला इश्वर पुढं सरकला. "डावं चाक खाली घे, बेटा, पण आधी..." आणि तो थांबला.

रस्त्यावर धान नव्हता. ऊन पडलं होतं, बाकी सगळ्यांचे धान वाळत होते, पण मनकर्णाबाईनं आपला धान पोत्यात भरून कडेला ठेवला होता. दगड बाजूला, फांद्या बाजूला, डांबर झाडून काढलेलं. ती झाडू घेऊन उभी होती आणि हातानं खुणा करत होती.

"ये वो पोरी, ये सरळ! रस्ता मोकळा केला तुमाले!"

तिनं ते मायेनं केलं होतं. डिंपलनं हात जोडले, पार्वताबाईनं काच खाली करून "येतो वो काकी" म्हटलं. इश्वरनं दोघींच्या डोक्यांच्या मधून समोर पाहिलं. जेवढं दिसत होतं तेवढ्यात एक दाणा नव्हता. मग त्यानं मान खाली घातली आणि वळण मागं पडेपर्यंत वर केली नाही. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा, त्याची गाडी येणार म्हणून कुणी धान उचलून ठेवला होता.