किशनरावाचे बोकड अन् सगुणाबाईच्या पाटी

आमच्या पेडगावात किशनरावाला अठरा एकर रान अन् माझ्या शेजारणीला, सगुणाबाईला, नुसता घराचा उंबरा. रोज ती त्याच्याच रानात निंदायला जायची. लेक सुकेशनी दहावीत गेली तशी सगुणाबाई मला म्हणाली, "सुलाबाई, काय बी होऊ दे, ही पोरगी किशनरावाच्या रानात खुरपं धरणार न्हाई."

बोलायला काय जातंय! शिकवायला पैसा नको?

मग तिनं किशनरावाचीच एक शेळी अर्धलीनं घेतली. सांभाळायचं हिनं, पिल्लं निम्मी-निम्मी, अन् वाटणीत पहिली निवड मालकाची. शेळीला जुळं झालं, एक बोकड अन् एक पाट, म्हणजे मादी. किशनरावानं मिशीवर ताव देत बोकड उचललं. ईदला भाव चांगला येतो ना! सगुणाबाई तोंड पाडून म्हणाली, "मालक, आमच्या वाट्याला मादीच का?" अन् घरी येऊन पदर तोंडात धरून अशी हसली, की मला वाटलं बाईला येडच लागलं.

पुढच्या वेतालाही तेच. हा बोकड उचलायचा, ही तोंड पाडायची. त्याला वाटायचं, बाईला लय फसवलं. अरे बाबा, बोकड एकदाच विकतं, पाट दरसाल घर भरती!

पाचव्या वर्षी सगुणाबाईच्या दारात बावीस शेळ्या, अन् सुकेशनी सेलूला नर्सिंगला. किशनरावाची शेळी म्हातारी होऊन मेली, बोकडांचे पैसे मोटारसायकलीत गेले. उरला कापूस. तो वर्षातून एकदाच पैसे दाखवतो, ते बी कुरकुरत.

दिवाळीच्या तोंडावर त्याची बायको नर्मदाबाई आमच्या अंगणात आली. "सगुणाबाई, एक शेळी दे ना अर्धलीनं. मिठा-मिरचीला बी ह्यांच्या तोंडाकडं बघावं लागतंय."

मला मनातून उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोलू? सगुणाबाईनं मात्र कळपातली चांगली शेळी सोडली. "घ्या मालकीणबाई. नियम तुमच्याच घरचा. पहिली निवड मालकाची."

किशनराव रस्त्यावर थांबून ऐकतच होता. चटकन पुढं आला. "म्हंजी आता बोकड तू नेणार?"

"न्हाई मालक. तुमची आवड ठावं हाय मला. बोकडं तुमालाच."

किशनरावाचा चेहरा खुलला. नर्मदाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.