मावशींचा कोबी

मुलींच्या वसतिगृहातल्या अभ्यासिकेच्या दारात एक स्टूल आहे आणि स्टुलावर मावशी आहेत. स्टुलं बदलली, मावशी त्याच. त्यांच्या मांडीवर बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा असतो. आत जाणाऱ्या मुलीने आपला मोबाइल त्यात टाकायचा. हा नियम वरून आलेला नाही. "मावशी, तुम्हीच ठेवा, आमच्या हाताला खोड लागलीय," असं म्हणून मुलींनीच तो मागून घेतला.

मोबाइल परत घ्यायला बंदी नाही. फक्त कशाला हवा, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. "माझ्या फोटोला किती जणांनी छान म्हटलं ते बघायचंय" हे भरल्या खोलीत म्हणायला वाघाचं काळीज लागतं. बहुतेक जणी तोंड उघडतात, मिटतात आणि जागेवर जाऊन बसतात. डबा मात्र मांडीवर थरथरत राहतो. मावशी त्याला थोपटतात. "उगी, उगी. ताई अभ्यास करतेय."

यातलं सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे सेनापती. मोबाइलवरच्या लढाईत ती एक टोळी चालवायची, म्हणून हे नाव. लढाया जिंकता जिंकता बाई गणितात आपटली. आता फेरपरीक्षा, आणि तीही गेली तर गाशा गुंडाळून घरी, असं वडिलांनी बजावलेलं. एवढ्या हुशार मुलीला नादी लावणाऱ्या या खेळात असतं तरी काय, हे बघायचं मावशींनी ठरवलं. लढाई त्यांना बघवेना. म्हणून त्यांनी आपल्या मोबाइलवर शेतीचा खेळ घेतला. रोप लावा, पाणी घाला, कोबी काढा.

झालं. दारातल्या कुंडीतली टवटवीत रोपं तहानेनं माना टाकू लागली आणि मोबाइलमधला कोबी टरारून वर आला.

परीक्षा तोंडावर आली असताना एका दुपारी सेनापती दारात उभी राहिली.

"मावशी, माझा मोबाइल द्या."

"घे की." मावशींनी मान वर न करता डबा पुढे सरकवला.

सेनापतीचा हात डब्यात गेला आणि तिथेच थांबला.

"मावशी, कारण विचारा ना."

"विचारते गं. थांब जरा, टोळ आलेत."

"टोळ गेले खड्ड्यात. मी पुन्हा नापास झाले तर?"

आता मावशींनी मान वर केली. "कशाला हवाय?"

"टोळी बोलावतेय," सेनापती पुटपुटली.

"मोठ्यानं."

तिनं मोठ्यानं सांगितलं. आत खसखस पिकली. हात रिकामाच बाहेर आला.

"आता तुमचा टाका."

"माझा कशाला? मी काय परीक्षेला बसलेय?"

"मी बसलेय. आणि माझी राखण तुमच्याकडे आहे."

"अगं, पण कोबी सुकेल."

"मोठ्यानं सांगा, मावशी."

मावशींनी सांगितलं. पुस्तकातून कधी डोकं वर न काढणारी पहिल्या नंबराची मुलगीसुद्धा त्या दिवशी टेबलावर डोकं टेकून हसली. मग डब्यात ठण्‌ आवाज झाला.

परीक्षा होईपर्यंत दोघींचे मोबाइल शेजारी शेजारी थरथरत होते. मावशी दोघांनाही थोपटत.

सेनापती पास झाली. अगदी काठावर, पण झाली. ती सांगायला आली तेव्हा, घरी बहिणीला कळवते म्हणून मावशींनी आपला मोबाइल उघडला आणि जाता जाता शेतात डोकावल्या. सगळं वाळून पाचोळा झालेलं.

"गेलं हो तुमचं पीक," सेनापती हळहळली.

"जाऊ दे," मावशी म्हणाल्या. "मला कोबी आवडतच नाही."