प्रभादादाची कॉर्नर किक

प्रभादादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भातकुलीत होतो. अकोला काही फार लांब नाही. तरी गेलो नाही. पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल, असं मनाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. चार वर्षांपूर्वी दादाला आमच्या अमरावतीच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकपदावरून काढण्याचं पत्र मीच लिहिलं होतं. त्यानंतर तो अकोल्याला राहायला गेला आणि मी त्याला तोंड दाखवलं नाही.

आम्ही एकाच संघात वीस वर्षं खेळलो. मी मागच्या फळीतला, साधारण. तो मात्र उजव्या कॉर्नरवरून डाव्या पायाने चेंडू असा वळवायचा की गोलरक्षक हात वर करून नुसता बघत राहायचा. प्रशिक्षक झाल्यावर तेच पोरांना शिकवताना त्याला एवढंच म्हणता येई, "अरे, असा मारा ना!" मग स्वतः मारून दाखवायचा. पोरं टाळ्या वाजवायची आणि त्यांचे चेंडू कुंपणापलीकडे जायचे. मला साधा पासही घासून घासून शिकावा लागला होता, म्हणून तो समजावून सांगता यायचा. मोठ्या खेळाडूला शिकवता येतंच असं नाही, हे मी तेव्हा सगळ्यांना ऐकवत फिरायचो.

एका सामन्यात मध्यंतराला आम्ही दोन गोलांनी मागे होतो. पोरं दादाभोवती बसली. तो म्हणाला, "चेंडू मले द्या, मी पायतो." पन्नाशी उलटलेला माणूस. आपण आता खेळत नाही, हेच क्षणभर विसरला होता. पोरं हसली. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. त्याच आठवड्यात संघाच्या समितीपुढे हा किस्सा नक्कल करून सांगितला, पत्र लिहिलं आणि त्याच्या जागी बसलो. पत्र वाचून दादा एवढंच म्हणाला, "एक सीझन थांब ना बापू. मी शिकून रायलो."

मला ती सबब वाटली.

तेरवीनंतर अकोल्याला गेलो. "आता आले काय भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. मी सगळं कबूल केलं. त्या उठल्या. मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथे एक प्लास्टिकची खुर्ची होती, भिंतीशी चेंडू.

"रोज सकाळी मले इथं बसवत. म्हणत, 'चेंडूकडे नको पाहू, माह्या पायाकडे पाह्य. मी काय केलं, सांग.' सोताले समजेच ना त्याईले..." वहिनींनी पदर खोचला. "उजवा पाय चेंडूच्या वीतभर मांगं. खांदा आत. मंग डावा, आतल्या बाजूनं, खालून." वीस वर्षं मागे उभं राहून मला जे दिसलं नव्हतं, ते त्या संथपणे, एकेक हालचाल करत दाखवत होत्या.

"पोराईले सांगसान ना?"

"सांगतो," म्हटलं. मग हेही सांगावं लागेल, की हे पोरांना दादाकडून का मिळालं नाही.

वहिनी खुर्चीवर बसल्या. "आधी मारून दाखवा."

मी चेंडू मांडला, पाय टाकला.

"लई जवळ गेला भाऊजी," त्या म्हणाल्या. "पुन्ना."