वार्निश पाजलेली तार

कडा गावात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंखे आणि विहिरीवरच्या मोटारी येतात. मी जुनी तार काढून नवी भरते. सतरा वर्षं झाली. लग्नाकार्यालासुद्धा मी जेवून लगेच परत येते, कारण मागं कुणाची तरी मोटार खोळंबलेली असते.

मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत आली तेव्हा तिनं तिचा प्रकल्प सांगितला. सूर्यातून सतत विजेचे कण बाहेर फेकले जातात, त्याला सौर वारा म्हणतात. यानातून केसापेक्षा बारीक, काही कोस लांब तारा सोडायच्या आणि त्यांना धन भार द्यायचा. वाऱ्यातले धन कण त्या तारांपासून दूर ढकलले जातात आणि उलट रेटा तारांना बसतो. यान चालतं, इंधन लागत नाही.

"तारा सोडता कशा?" मी विचारलं.

"रिळावरून. यान गरगर फिरवलं की तार ताणून बाहेर जाते. पण आमची रिळावरच गुंतते, मम्मी. नाहीतर तुटते."

मी तार भरते हे ऐकून तिच्या सरांनी निरोप दिला होता. आईंनी नमुन्याचं एक रीळ भरून पाठवावं. चांगलं निघालं तर तीन महिने प्रयोगशाळेत येऊन बाकीची भरावीत.

मला जायचं होतं. इतकं, की दोन दिवस मी घरात विषयच काढला नाही. मग नवऱ्याला सांगितलं.

"तार सोडायला तुला कावून नेतेत? सूर्यावर खांब रोवायचेत का?"

"सूर्यावर नाही, पुण्याला."

"आन् मोटारी? गव्हाला पाणी चालू हाय. लोक मला शिव्या घालतील." जेवण झाल्यावर म्हणाले, "रीळ तर भर. पुढचं पुढं बघू."

तीन दुपारी अर्धं शटर ओढून, पंखा बंद करून मी तिनं आणलेल्या तारेनं ते रीळ भरलं. पदर घामानं भिजला, पण तार एकदाही तुटली नाही. मला काम शिकवणारे उस्ताद सांगायचे, "बिना वार्निश माल दुकान के बाहर न्हाई जाने का." वार्निश पाजलं की तार जागची हलत नाही आणि मोटार वर्षानुवर्षं चालते. शेवटचा वेढा झाला, मी वार्निशचा डबा उचलला आणि रिळावर ओतला. उन्हात वाळवलं, खोक्यात घालून पुण्याच्या एसटीत दिलं.

चार दिवसांनी फोन आला.

"मम्मी, तार सुटतच नाही गं. वर कसला थर आहे?"

"वार्निश."

ती आधी हसली. मग म्हणाली, "अगं, ही उलगडायची होती."

"दुसरं भरून देते म्हणावं. चार दिवसांत देते."

"मुदत संपत आली. सर आता यंत्रावर भरून घेणार आहेत."

संध्याकाळी आमचे हे दुकानावर आले. गाडी स्टँडवर लावता लावताच बोलले, "आष्टीचा एक वाइंडर बघितलाय. तीन महिने दुकान सांभाळतो म्हणतोय, माणूस बरा हाय. कधी निघायचंय तुला?"

"निघायचं नाही."

"कावून?"

"रिळाला वार्निश केलं मी."

त्यांना ते लगेच कळलं नाही. दोनदा सांगावं लागलं.